पारख्याचं घर

आमच्या घरात गोष्ट शेवटापासून सांगितली जायची. प्रांजल चार वर्षांची असताना मी तिला सशाची गोष्ट सांगायला बसले, की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: ससा शेवटी सुखरूप घरी पोचला. मग तो कसा पोचला ते. पुढे पुढे ती पहिलं वाक्य ऐकूनच कूस बदलायची आणि झोपून जायची. मी मात्र सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरायचे, की आमची पोरगी अजिबात हट्ट करत नाही.

याला कारण तिच्या वडिलांची नोकरी. माझे यजमान भरतेश मगदूम कोल्हापुरात द्यूत नियंत्रण कक्षात पारखी आहेत. ही काय भानगड असते ते नीट सांगायला हवं, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतं ते तिथे कारकून आहेत, आणि आम्हीही ते तसंच वाटू देतो.

ऑनलाइन जुगारावर पहिली बंदी आली तेव्हा आमचं लग्नही झालेलं नव्हतं. आधी साइट बंद केल्या, मग पैसे पाठवायचे मार्ग, मग जाहिराती. सरकारला वाटलं, मिटलं. पण जुगाराने नुसता वेश बदलला. तो पावसाचा अंदाज सांगणाऱ्या ॲपमध्ये शिरला, पत्रिका जुळवणाऱ्या ॲपमध्ये शिरला. आरतीच्या ॲपमध्ये नारळ फोडायचा आणि आत काय निघतं ते बघायचं, अशाही रूपात आला. हे खेळ यंत्रंच लिहायची आणि दर आठवड्याला त्यांना नवा चेहरा चढवायची. त्यांना पकडायला सरकारने दुसरी यंत्रं बसवली, तर पहिल्या यंत्रांनी त्यांना हातोहात फसवलं. शेवटी न फसणारी एकच वस्तू सापडली. जुगारात एकदा पुरतं बुडून वर आलेल्या माणसाचं शरीर.

त्यामागचं शास्त्र मला कक्षाच्या प्रमुख डॉक्टर आवटी यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. बक्षीस मिळालं की ते उसळतं, असा आपला समज. खरं तर ते बक्षिसाची नुसती खूण दिसली की उसळतं. बक्षीस दर वेळी मिळणारच असेल तर ही उसळी बेताची असते. मिळेल किंवा मिळणार नाही, अशी अगदी निम्मी-निम्मी शक्यता असली की ती सगळ्यात उंच जाते. म्हणजे चटक लागते ती जिंकण्याच्या आधीच्या क्षणाची. वर्षानुवर्षं त्याच क्षणाकडे धावलेल्या मेंदूत शेतातल्या पायवाटेसारखी वाट पडते. माणूस सुधारतो, वाट तशीच राहते. पुन्हा खूण दिसली, की त्याच्या डोळ्याची बाहुली रुंदावते आणि नाडी अडखळते, आणि हे त्याला स्वतःला कळायच्या आधी घडतं.

कक्षात असे सहा पारखी आहेत. डोळ्यांवर चौकट, मनगटावर पट्टा, जो घरीही काढायचा नाही आणि उसळी आली की थरथरतो. समोरच्या पडद्यावर बारा सेकंदांना एक ॲप. उसळी आली की ते ॲप बाद. यात एकच अडचण होती. निकाल दाखवला तर सरकारी कचेरीतच जुगार चालल्यासारखं होईल, म्हणून चक्र थांबायच्या, नारळ फुटायच्या बरोबर आधी पडदा काळा होतो. भरतेश दिवसातून चारशे वेळा त्या क्षणापर्यंत जातात आणि तिथूनच परत येतात.

ते पूर्वी इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर होते, बिघडलेला माग दुरुस्त करणारे. प्रांजल तीन महिन्यांची होती. मी तापाने फणफणले होते, म्हणून तेच तिला लस टोचायला घेऊन गेले. दोन तासांनी नर्सबाईंचा फोन आला, की बाकावर बाळ एकटंच आहे. मी तशीच धावले. पोर रडून रडून निळी पडली होती, आणि हे दवाखान्यामागच्या भिंतीला टेकून फोनवर एक चक्र फिरताना बघत होते. मला पाहिलं आणि ते जमिनीवर बसून हुंदके द्यायला लागले. त्या दिवसानंतर त्यांनी कधी खेळाला हात लावला नाही. मी मात्र तो दिवस कधी खाली ठेवला नाही.

नोकरी लागली तेव्हा कक्षाने एक पत्रक दिलं होतं. पारख्याच्या घरात अनिश्चितता कमी ठेवावी, नाहीतर उसळीचं वाचन गढूळ होतं. कमी ठेवावी एवढंच लिहिलं होतं. मी ती समूळ उपटली. सापशिडी गेली, पत्ते गेले. क्रिकेटचा सामना निकाल कळल्यावर बघायचा. वाढदिवसाला काय मिळणार ते आठवडाभर आधी सांगायचं. आठवड्याची भाजी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिलेली. पाहुणे न सांगता आले तर मी दारातच त्यांच्यावर डोळे वटारायचे. शाळेत मास्तरीणच मी, शिस्त लावायची म्हटली की मला थांबता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यात, संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही तिघं पोहे खात होतो आणि भरतेशच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. घरी तो कधीच वाजला नव्हता. त्यांच्या हातातला चमचा खाली पडला. मी टीव्हीकडे बघितलं, बंद. त्यांचा फोन फडताळात. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला, की मला वाटलं, गेलं, परत सगळं पहिल्यापासून.

मग त्यांनी समोर प्रांजलकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "तिचं तोंड बघ."

प्रांजल शाळेचा टॅबलेट घेऊन बसली होती. पडद्याची पाठ आमच्याकडे, त्यामुळे आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. तिचा अंगठा काचेच्या किंचित वर थांबला होता आणि श्वास अडला होता. अंगठा टेकला. काहीतरी झालं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. लगेच तो पुन्हा तसाच ताणला गेला, आणि पट्टा पुन्हा थरथरला.

टॅबलेटवर काय असणार ते मला बघायची गरज नव्हती. 'हजेरी-तारा'. बालप्रगती मंडळाने शाळांना दिलेलं ॲप. मूल वर्गात आलं की त्याने एक चक्र फिरवायचं. कधी तारा मिळतो, कधी मोराचा आवाज, पुष्कळदा काहीच नाही. घरचा अभ्यास झाला की आणखी चक्रं. प्रांजल माझ्याच चौथीच्या वर्गात आहे, आणि त्या वर्गात एक्केचाळीस मुलं आहेत. गेल्या दोन वर्षांत एकही मूल गैरहजर नाही. तापातसुद्धा येतात. मला या गोष्टीचा केवढा अभिमान होता ते आता सांगायला लाज वाटते.

मी वाद घातला. हे सरकारी आहे, मुलांसाठी आहे, कायद्यात जुगार म्हणजे पैसा लावून खेळलेला खेळ, आणि यात पैसा कुठाय?

"पैसा मला तरी कवा पायजे होता?" भरतेश म्हणाले. "दवाखान्यामागं बसलो होतो तवा मी हरलो का जिंकलो, मला आजबी ठाऊक न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'हजेरी-तारा' पारखायच्या यादीत घातलं. तीन दिवसांनी आवटी मॅडमनी मला बोलावलं. बाई शांत बोलतात, समोरच्याला चहा स्वतः ओतून देतात. त्यांनी सांगितलं, की सहाच्या सहा पारख्यांना उसळी आली, आणि वर्षभरातली सगळ्यात उंच. पण पैसा नसल्यामुळे हे ॲप कायद्याच्या बाहेर आहे. त्या वर कळवतील, वरचे फाइल ठेवून घेतील. मी विचारलं, मग मला कशाला बोलावलंत? तर म्हणाल्या, तुमच्या यजमानांनी पडदा न बघता नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं, म्हणून त्या चेहऱ्याचं एकदा वाचन घ्यावंसं वाटतं. दहा मिनिटांचं काम आहे, मुलीला काही त्रास नाही.

मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्या लेकराला काय झालंय ते कळावं, एवढंच माझ्या मनात होतं.

शनिवारी सकाळी प्रांजल त्या मोठ्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. चौकट तिला सैल होत होती म्हणून मागून रबर लावलं. पडद्यावर आधी चित्रं, गणितं, मग वेश घेतलेले खेळ, प्रत्येक खेळ शेवटाच्या आधी काळा होणारा. मी मॅडमच्या शेजारी आलेखाकडे बघत उभी होते. चित्रांना रेघ सपाट. पहिला खेळ आला आणि रेघ अशी चढली, की मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. पुढचा खेळ पारख्यांना कुणालाच ओळखू आला नव्हता, साधा पाढ्यांचा वाटत होता. तिला आला. चाळीसपैकी एकही तिने सोडला नाही.

"मोठ्या माणसांचं वाचन दोन-तीन वर्षं टिकतं," मॅडम म्हणाल्या. "निकाल कधी येतच नाही, हे शरीराला हळूहळू पटतं आणि उसळी बसत जाते."

"म्हणजे बरे होतात?"

"आमच्या दृष्टीने बोथट होतात. मग धार लावावी लागते." त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. "मधूनच एखादा निकाल दाखवायचा. जिंकल्याचा. त्यांना कळतही नाही, पडद्यात बिघाड झाला असं वाटतं. या वर्षी मगदूमांना तीनदा लावली."

मी घरात फासा येऊ दिला नाही, नाणं उडवू दिलं नाही, आणि इथे ही बाई माझ्या नवऱ्याला माप बघून पाजत होती. भीती अशी असते, की राग यायलाही उशीर होतो.

मॅडमनी पुढचं सांगितलं. नव्या नियमांचा मसुदा तयार आहे. मुलांचं वाचन निर्मळ असतं आणि दहा वर्षं टिकतं, म्हणून प्रत्येक जिल्ह्यात बालपारखी घ्यायचे आहेत, आठवड्याला दोन तास, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पालकांची सही लागेल. सही नको असेल तरी इतकी उंच उसळी असलेल्या मुलाची नोंद करणं बंधनकारक आहे. नोंद झाली की त्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत सगळे पडदे बंद. आता पुस्तकं, वह्या, परीक्षा सगळं पडद्यावर असतं, हे मला, एका शिक्षिकेला, सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

घरी येताना प्रांजलने विचारलं, "मम्मी, तो नारळ फुटला का शेवटी?"

तिला शेवट सांगता येत नाही, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं होतं. मी म्हटलं, फुटला, आत काही नव्हतं. तिने थोडं चालून विचारलं, आणि त्याच्या नंतरच्या चक्राचं काय झालं? त्याच्या नंतरच्याचं? तिला चाळीसच्या चाळीस लक्षात होते. घरी पोचेपर्यंत मी खोटं बोलत राहिले, आणि दर उत्तराला तिचा चेहरा अंगठा टेकायच्या आधी व्हायचा तसा व्हायचा. मला ते दिसत होतं आणि तरी मी सांगत होते.

त्या संध्याकाळी मी भरतेशना धारेबद्दल सांगितलं. ते पुष्कळ वेळ नळाखाली हात धरून उभे राहिले. मग म्हणाले, ते मंगळवारी राजीनामा देतील आणि सही करायची नाही. पडदे बंद तर बंद, आपली पोरगी पाटीवर शिकेल, तू शिकव. मी हो म्हटलं. त्या एका गोष्टीत आमचं दोघांचं मन अगदी एक होतं.

आणि इतकी वर्षं तिला उपाशी ठेवलं ते आम्हीच, हेही आम्हाला कळलं. ज्या पोरीला घरात कधी "ओळख बघू" म्हणून कुणी विचारलं नाही, तिने ते बाहेर शोधलं, आणि बाहेर ते मीच तिच्या हातात दिलं.

रविवारी सकाळी भरतेशनी प्रांजलला जवळ बोलावलं आणि मूठ पुढे केली. "ओळख बघू, मुठीत काय हाय?"

पट्टा अजून त्यांच्या मनगटावरच होता, कामाला असेपर्यंत काढता येत नाही. तो थरथरला. मुलीपुढे मूठ धरून बसलेला माणूस आणि त्याच्या हातावर गुरगुरणारं ते यंत्र, मला बघवेना. त्यांनी मूठ अर्धवट मागे घेतली. त्यांना कशाची भीती वाटली ते मला ठाऊक आहे. मूठ उघडायच्या आधीचा तो क्षण त्यांना गोड लागला होता.

प्रांजलने मुठीकडे बघितलं. "शेंगदाणा," ती म्हणाली. डब्यातून घेताना तिने पाहिलं होतं. शेंगदाणाच निघाला. तिने तो खाल्ला आणि समजूतदारपणे विचारलं, "झालं का पप्पा? मी जाऊ?"

दुपारी आम्ही लपाछपी खेळलो. दोन खोल्यांच्या घरात लपणार कुठे? ती आम्हाला शोधत होती, सापडल्यावर हसतही होती, पण पाहुण्यांपुढे हसावं तसं.

सोमवारी मी वर्गातली चक्रं बंद केली आणि हजेरी तोंडी घेतली. मुलं ओरडली नाहीत, रडली नाहीत. आपापला टॅबलेट पुढ्यात धरून बसली. मी शिकवायला लागले तरी एक्केचाळीस अंगठे काचेच्या किंचित वर थांबलेले. मुख्याध्यापकांनी दुपारी बोलावून विचारलं, असं का केलंत? मी म्हटलं, माझ्या वर्गात ते चक्र पुन्हा फिरणार नाही, काय लिहायचं ते लिहा. सही न केलेला फॉर्म मी शाळा सुटल्यावर स्वतः कक्षात नेऊन दिला.

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात आले तेव्हा प्रांजलची जागा रिकामी होती. शिपाईमामांनी सांगितलं, मॅडम, तुम्हीच पाठवलंय म्हणाली ना ती, पप्पांकडे? आयुष्यात त्या दिवसापर्यंत माझी मुलगी खोटं बोलली नव्हती.

कक्ष शाळेपासून दोन चौकांवर आहे, जुन्या टेलिफोन ऑफिसच्या इमारतीत. मी चप्पल हातात घेऊन धावले. डोक्यात एकच होतं, आवटी मॅडमनी पोरीला फूस लावून नेली, आता त्यांचा गळा धरते. दारातच मॅडम भेटल्या आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं, की तसं नाही. त्यांच्या मागे भरतेश होते, हातात राजीनाम्याचा कागद तसाच. दोघं आत्ताच केबिनमधून बाहेर आले होते.

"आम्ही बोलावलं नाही तिला," मॅडम म्हणाल्या. "आईने उरलेल्या तपासणीला पाठवलंय, असं तिने ऑपरेटरला सांगितलं. त्याने बसवलं. अर्धा तास झाला."

आतल्या खोलीत प्रांजल खुर्चीत बसली होती. चौकट लावलेली, मागचं रबर तिने स्वतःच नीट ओढून घेतलं होतं. पडद्यावर एक चक्र फिरत होतं, मंदावत होतं, थांबणार एवढ्यात काळोख. लगेच दुसरं. आलेखावरची रेघ खाली यायलाच तयार नव्हती. ऑपरेटर बाजूला सरकून उभा होता. त्याने बंद करतो म्हटल्यावर ती किंचाळली होती, म्हणून बटणाला हात लावायला तो घाबरत होता. भरतेश दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, त्यांचा पट्टा एकसारखा वाजत होता, आणि ते पडद्याकडे ढुंकूनही बघत नव्हते.

मी हाक मारली, दोनदा. मग पुढे होऊन पडद्याची वायर उपटली. तिच्या डोळ्यांवरची चौकट काढली आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळवला. गाल गरम लागत होते.

तिने माझ्याकडे बघितलं. ओळखीने, नीट बघितलं. ती चिडली नव्हती. आता मम्मी रडेल, मग रागावेल, मग जवळ घेईल, मग घरी जाऊन मंगळवारची मुगाची आमटी आणि भात करेल, हे सगळं तिला माहीत होतं. जन्मल्यापासून मीच तिला प्रत्येक गोष्ट आधी सांगत आले होते. माझ्या चेहऱ्यावर वाट बघावी असं मी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी खरंच रडायला लागले. ती थांबली, माझं रडणं होऊ दिलं. मग माझी बोटं एकेक करून गालावरून सोडवली आणि त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, पुन्हा वाट बघत बसली.